मुतखडा, ताप आणि नोव्हाल्गिन

मुतखडा आमच्या घराण्याला नवीन नाही. सांगलीत काकांना झाला, मग दादाला झाला. त्यामुळे डाव्या बाजूला बरगड्यांखाली कळ सुरू झाली आणि हळूहळू जांघेकडे सरकायला लागली, तेव्हा निदान मी घरीच करून टाकलं होतं. स्टुटगार्टमधली नोव्हेंबरची रात्र. मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. या कळेत माणसाला एका जागी बसवत नाही. पडलं तरी नाही, उभं राहिलं तरी नाही. दोनदा उलटी झाली. तरीही सकाळपर्यंत काढू असंच मनात होतं, कारण काकांनी अशा किती रात्री ओवा चघळत काढल्याच्या कथा आम्ही ऐकलेल्या.

मग हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. थर्मामीटरवर 39.3 सेल्सिअस.

दादाचं सांगलीत औषधांचं दुकान आहे. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले असतील, पण त्याने फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नुसती कळ असती तर पाणी पी, सकाळी बघू म्हटलं असतं. कळ आणि थंडी वाजून ताप, दोन्ही एकदम आलं की थांबायचं नाही. खडा अडकलाय आणि त्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत जंतू झालेत असं धरून चालायचं. आत्ता ऊठ आणि जा." नवरा तोवर गाडीची किल्ली शोधत होताच.

इमर्जन्सीत, म्हणजे इथल्या 'नोटआउफनामे'त, आधी विम्याचं कार्ड दाखवायचं आणि मग एका नर्ससमोर बसायचं. कुणाला किती लवकर आत घ्यायचं हे तीच ठरवते. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, कानात थर्मामीटर. मग तो ठरलेला प्रश्न: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तुमचं किती? मी म्हटलं, सात. आपल्याकडे बाईमाणसाने दहा म्हणणं म्हणजे नाटक, हे हाडीमाशी मुरलेलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून अर्धवट वाकून उभी होते, बसलेच नव्हते. तिने काही न बोलता कागदावर नऊ लिहिलं.

"नोव्हाल्गिन चालतं ना तुम्हाला? आधी कधी घेतलंय? काही त्रास झालाय?"

मला सांगता येईना. तिने औषधाचं दुसरं नाव सांगितलं, मेटामिझोल. नवऱ्याने फोनवर शोधलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. अॅनालजिन! हे नाव मात्र आमच्या घरात माहीत होतं. बारालगनचं इंजेक्शन काकांच्या प्रत्येक कळेत डॉक्टर द्यायचे, त्यातही हेच. आणि हेही पुसटसं आठवत होतं की दादाने एकदा जेवताना सांगितलं होतं, सरकारने अॅनालजिन बंद केलंय, दुकानातला माल बाजूला काढून ठेवावा लागला. इतकं दुखत असतानाही डोक्यात आलंच की बंद केलेलं औषध हे लोक मला सरळ शिरेतून देणार?

हा प्रश्न मी आत आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारला. तरुण होत्या, रात्रपाळीने डोळे सुजलेले. कंटाळल्या असतील, पण प्रश्न उडवून लावला नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. अमेरिकेत हे मिळत नाही, इंग्लंडमध्येही नाही. आम्ही रोज देतो. का देतो ते सांगते आणि कशाला घाबरायचं तेही सांगते. मग तुम्ही हो किंवा नाही म्हणा."

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या आठवणीप्रमाणे असं. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसत होतं, म्हणजे किडनीवर ताण होता. त्यामुळे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी नकोत. एरवी मुतखड्यासाठी ती उत्तम, पण दमलेल्या किडनीचा रक्तपुरवठा ती आणखी कमी करू शकतात. पॅरासिटामॉलने ताप उतरेल, पण एवढी कळ त्याला पुरेलच असं नाही. अफूच्या कुळातली औषधं हाताशी आहेत, पण त्यांनी मळमळ वाढते, गुंगी येते, म्हणून ती राखीव ठेवू. मेटामिझोल अफूच्या कुळातलं नाही. ते कळ कमी करतं, ताप जोरात उतरवतं आणि मूत्रवाहिनीचा पीळही थोडा सैल करतं. तुम्हाला उलट्या होताहेत, म्हणून तोंडाने नको, शिरेतूनच.

आणि घाबरायचं कशाला? एक, ॲलर्जी. दोन, रक्तदाब एकदम खाली येणं. तीन, जे फार फार विरळ आहे पण ज्याच्यामुळे अनेक देशांनी हे औषध काढून टाकलं: रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक जवळजवळ नाहीशा होणं. मग त्यांनी भराभर प्रश्न विचारले. दमा आहे का? अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी कधी श्वास कोंडला, अंगावर पित्त उठलं? रक्ताचा, अस्थिमज्जेचा काही आजार? केमोथेरपी? दिवस गेलेत का? सगळ्याला नाही म्हटलं आणि औषधाला हो म्हटलं.

पुढची वीसेक मिनिटं मला नीट आठवतात, कारण छताकडे बघत पडण्याशिवाय दुसरं काही करायचं नव्हतं. आडवं पडूनच घ्यायचं, असा नियम. मी कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले तर नर्स म्हणाली, चालेल, पण बसायचं नाही. तिने माझ्यासमोरच तपकिरी काचेची छोटी कुपी उचलली आणि मान मोडली. 2 मिलिलिटर औषध, त्यात 1 ग्रॅम मेटामिझोल. ते सिरिंजमध्ये ओढून 100 मिलिलिटरच्या सलाईनच्या बाटलीत सोडलं, बाटली दोनदा उलटीसुलटी केली, वर चिकटपट्टीवर औषधाचं नाव आणि वेळ लिहिली. थेट सिरिंजनेही देता येतं, पण मग मिनिटाला 1 मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने नाही. "आणि मला तेवढा वेळ एका जागी उभं राहायला मिळत नाही," ती म्हणाली. "ही बाटली माझ्यापेक्षा शांत आहे." दंडाला पट्टा होताच. तो दर पाच मिनिटांनी आपोआप आवळायचा.

पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग कळेच्या दोन लाटांमधलं अंतर वाढलं. मग एक लाट आली ती अर्ध्यावरच विरली. मी नवऱ्याला म्हणाले की बहुतेक थांबतंय, आणि तेवढ्यात माझ्या कानात दडे बसल्यासारखं झालं. कपाळावर गार घाम, छत किंचित लांब गेलेलं. मशीन टिणटिण करायला लागलं. रक्तदाब 92 आणि 54.

नर्स धावत आली नाही, झपझप चालत आली. आधी नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केले, मग खाटेची पायाकडची बाजू उचलली, मग दुसऱ्या हातातली साधी सलाईन पूर्ण सोडली. या क्रमात ती एकदाही अडखळली नाही. डॉक्टरीणबाई आल्या, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, मान आणि पोट उघडं करून पुरळ कुठे उठलंय का पाहिलं. ॲलर्जी वाटत नव्हती. त्या म्हणाल्या, ताप जास्त असला, अंगात संसर्ग असला, उलट्यांनी पाणी कमी झालेलं असलं, की या औषधाने रक्तदाब पडण्याची शक्यता वाढते. तुमच्यात तिन्ही होतं. म्हणून तर सावकाश देत होतो, म्हणून तर झोपवलं होतं. दहाएक मिनिटांत आकडा शंभरावर आला. उरलेली बाटली त्यांनी गोगलगायीच्या गतीने संपवली.

तोवर ताप असा उतरला की अंगावरचा गाऊन पिळून काढावा. कळ गेली नव्हती, आत कुठेतरी मुरडत बसली होती, पण आता मला सरळ पाय करून पडता येत होतं. नर्सने पुन्हा विचारलं, किती? मी चार म्हटलं. या वेळी तिने चारच लिहिलं.

मला वाटलं, झालं काम. डॉक्टरीणबाईंना तसं वाटत नव्हतं. ताप उतरला म्हणजे संसर्ग उतरला असं नाही, औषधाने फक्त आकडा खाली आणलाय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा नवऱ्याला, कारण आता घरी जाता येईल का, असं त्याने विचारलं होतं. कल्चरसाठी, म्हणजे जंतू कुठले ते शोधायला, रक्त आधीच काढलेलं होतं, अँटिबायोटिक सुरू झालं होतं. सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसली, सीटी स्कॅनमध्ये खडा सापडला. 6 मिलिमीटरचा, मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या तोंडाशी. एवढ्याशा खड्याने केलेला तमाशा. त्याच रात्री भूल देऊन खड्याच्या बाजूने किडनीपर्यंत एक बारीक, दोन्ही टोकांना वळलेली नळी घातली. डीजे स्टेंट म्हणतात तिला. खडा तिथेच ठेवला. पिकलेल्या जागी खडा फोडायला गेलं तर जंतू रक्तात पसरतात. आधी तुंबलेलं वाहू द्यायचं, खड्याचं नंतर बघायचं.

वॉर्डात मग नोव्हाल्गिन दर सहा तासांनी. तिथली एक पद्धत मला फार आवडली. बाटली लावण्याआधी ताप मोजायचा, लावल्यानंतर नाही. औषधाने खाली आलेला आकडा मोजून काय उपयोग? संसर्ग हटतोय की नाही हे औषधाचा अंमल सरताना कळतं. पहिल्या दिवशी डोस यायच्या वेळी दर वेळी 38 च्या वर असायचं, पुढे ते हळूहळू खाली आलं. दुखणं फारच वाढलं तर पिरिट्रामाइड नावाचं अफूच्या कुळातलं औषध कागदावर लिहून ठेवलेलं होतं. ते एकदा घेतलं. दुखणं गेलं, पण दिवसभर कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटत होतं आणि पोट साफ होईना ते वेगळंच. पुन्हा मागितलं नाही.

लघवी लाल होत होती. स्टेंटमुळे थोडं रक्त येतंच, हे सांगितलेलं होतं. पण मेटामिझोल शरीरात मोडताना तयार होणाऱ्या एका निरुपद्रवी पदार्थानेही लघवीला लाल झाक येते. माझ्या बाबतीत कुठलं किती, कोण सांगणार. पिशवी बदलायला येणारा तुर्की मामा रोज सकाळी ती खिडकीकडे धरून बघायचा आणि "रोझे वाइन, फार छान" म्हणायचा.

दादाशी निवांत बोलणं झालं ते इथेच, खाटेवर पडल्या पडल्या. औषधाचं नाव ऐकून तो हसायलाच लागला. "तुम्हा जर्मनांचंच लेकरू आहे ते! होक्स्टचं." हे औषध 1922 साली होक्स्ट कंपनीने फ्रँकफर्टजवळून बाजारात आणलं. पुढे त्याच कंपनीचं आपल्याकडे मुलुंडला मोठं बस्तान होतं आणि बारालगन हेही त्यांचंच. स्वीडनने 1974 मध्ये ते काढून टाकलं, 1995 मध्ये परत आणलं, 1999 मध्ये पुन्हा काढलं. अमेरिकेने 1977 मध्ये मान्यता काढून घेतली. जर्मनीने बंद केलं नाही, पण 1987 पासून चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं केलं. आपल्याकडे जून 2013 मध्ये एका फटक्यात बंदी आली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये अटींसह उठली: खूप तीव्र दुखणं, गाठींमुळे होणारं दुखणं, आणि दुसऱ्या औषधांनी न उतरणारा ताप, एवढ्यासाठीच द्यायचं आणि तसं पाकिटावर छापायचं.

"मग तुझ्या दुकानात लोक छापलेलं वाचतात का?" मी विचारलं.

"लोक पाकीटच घेत नाहीत," दादा म्हणाला. "दोन गोळ्या कापून दे म्हणतात."

मला वाटतं, त्याच्या या एका वाक्यात बंदी का आली आणि का उठली दोन्ही आहे. औषध तेच. मला ते मिळालं तेव्हा दंडाला पट्टा होता, शेजारी माणूस होतं, रक्ताचा रिपोर्ट कागदावर होता. सांगलीच्या बाजारात डोकं दुखतंय म्हणून दोन गोळ्या कापून नेणाऱ्याच्या शेजारी यातलं काहीच नसतं, आणि पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घटून त्याचा घसा दुखला तर त्याचा त्या गोळ्यांशी संबंध जोडायला कोणी नसतं. अर्थात इथेही सगळं सुरळीत चाललंय असं नाही. 2024 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने मेटामिझोलची पुन्हा तपासणी केली. ठेवायचं असं ठरलं, पण पांढऱ्या पेशींबद्दलचा इशारा अधिक ठळक करायला लावला.

तो इशारा मला घरी सोडताना पुन्हा मिळाला. डिस्चार्जच्या पत्रात नोव्हाल्गिनचे थेंब लिहिलेले होते, कारण स्टेंट आत असेपर्यंत लघवी करताना किडनीपर्यंत कळ जाते. 20 थेंब म्हणजे 500 मिलिग्रॅम, गरज लागली तर एका वेळी 20 ते 40. चव इतकी कडू की कडुनिंबाने लाजावं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी पत्र हातात देताना बोटावर मोजून सांगितलं: ताप परत आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, यातलं काहीही झालं तर थेंब त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. रविवार असला तरी. हा त्रास डोस किती घेतला यावर अवलंबून नसतो, पूर्वी काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं, आणि औषध थांबवल्यानंतरही काही काळ तो होऊ शकतो.

आणि घसा दुखलाच. मुलगा शाळेतून सर्दी घेऊन आला होता, नवरा शिंकत होता, घरात तिघांचे घसे एकदम बसले. शंभरातल्या नव्याण्णव शक्यता सर्दीच्या होत्या. तरी थेंब थांबवले आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे फोन केला. तिथली फोनवरची बाई एरवी पुढच्या गुरुवारची वेळ देण्यात पटाईत. मी म्हटलं, नोव्हाल्गिन चालू आहे आणि घसा दुखतोय. ती म्हणाली, लगेच या. या दोन वाक्यांनी तिच्या वहीत जागा होते हे मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे.

बोटभर रक्त काढलं, पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी करायला दिलं, दुपारी फोन आला. न्यूट्रोफिल नावाच्या ज्या पेशींची काळजी होती त्या 3200 होत्या. 500 च्या खाली गेल्या तर खरा धोका. म्हणजे मुलाची सर्दीच. डॉक्टर म्हणाले, आता पॅरासिटामॉलवर भागवू, तसंही तुमचं दुखणं आता पहिल्यासारखं नाही. भागलंही. थोडं कण्हत, पण भागलं.

खडा नंतर दुर्बिणीतून काढला. लेझरने फोडला, तुकडे बाहेर, स्टेंटही बाहेर. त्या वेळी भुलेच्या डॉक्टरांनी त्या पहिल्या रात्रीचे कागद वाचले आणि म्हणाले, नोव्हाल्गिन देईन, पण रक्तदाब बघत, अर्ध्या वेगाने. दिलं. काहीच झालं नाही. ताप नव्हता, पाणी भरपूर गेलेलं होतं. तुकड्यांची तपासणी झाली, कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. रोज लघवी अडीच लिटर होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा, असा सल्ला. दूध-दही मात्र बंद करू नका म्हणाले, काकांना सांगलीत बरोबर उलटं सांगितलं होतं.

फडताळात थेंबांची अर्धी बाटली उरली आहे. आईला त्याचा सुगावा लागला. गुडघ्यांचं दुखणं तिला दहा वर्षं पुरलंय, आणि जर्मनीतलं औषध म्हणजे जालीम असणार हा तिचा ठाम विश्वास. मे महिन्यात येशील तेव्हा ती बाटली घेऊन ये, असं तिने दोनदा बजावलं. मी म्हटलं, दादाला विचार. दादाने तिला काय सांगितलं ते कळलं नाही, पण परवा फोनवर तिने विषय बदलून येताना बदाम घालून केलेलं ते मार्झिपान आण म्हटलं, आणि दादा जरा जास्तच शहाणा झालाय असंही.